मोज्यातला दोरा

बेर्मेतचा डावा मोजा काढला तेव्हा त्यातून बोटभर लांबीचा दोरा पलंगावर पडला. काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा, दोन्ही पदर एकमेकांत पिळलेला. मेरिमनं तो लगेच उचलला नाही. पोरगी पाय झाडत होती, स्वयंपाकघरात भाताचं पाणी उतू जात होतं, आणि मेरिम त्या दोऱ्याकडे नुसती बघत उभी होती. शिवणीतला दोरा असता, स्वेटरचं उसवलेलं टोक असतं, तर तिनं ते चिमटीत धरून केराच्या बादलीत टाकलं असतं. पण काळा-पांढरा पीळ कशाला लागतो हे बिश्केकमध्ये शेंबडं पोरही सांगेल. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याचे दोन्ही घोटे असल्या दोऱ्यानं बांधतात. लांबून माणसं धावत येतात आणि जो आधी पोचतो तो दोरा कापतो. कापणाऱ्याची चाल मुलात उतरते म्हणतात. चाल, आणि चालीबरोबर स्वभावही. म्हणून घरोघरी आधीपासून खल होतो, कोण धावणार, कोण जिंकणार, आणि नको तो माणूस पुढं येऊ नये याची आतून तजवीजही होते. दोरा कापायचा राहून गेला तर माणूस जन्मभर अडखळतं. पण बेर्मेत अजून चालत नव्हती. निदान मेरिमची तरी तशी समजूत होती.

तिनं दोरा उचलून दिव्याखाली धरला. एक टोक विसकटलेलं, दुसरं सरळ, कात्रीनं कापलेलं. मग सवयीनं तिनं तो नाकाशी नेला. मेरिम दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तालुक्यातालुक्यातून आलेल्या दुधात पाणी किती, सोडा किती, कुठल्या गायीला औषध टोचलंय हे बघायचं तिचं काम, आणि यंत्रानं सांगायच्या आधी तिच्या नाकाला ते कळायचं. दोऱ्याला तोच वास होता. पानगळ सुरू झाल्यापासून बेर्मेतच्या केसांना येणारा वास. थोडा चिकट, थोडा उग्र, आत कुठंतरी गार लोखंडाचा. बेर्मेतला दिवसभर सांभाळणाऱ्या उमसुनाय-एजेच्या घराचा तो वास नव्हे. ते घर तिनं पोरगी ठेवायच्या आधीच हुंगून घेतलं होतं, तिथं साबणाचा आणि जुन्या गालिच्याचा वास होता. हा वास बाहेरून आलेला होता. कुणाच्यातरी अंगावरून. रोज संध्याकाळी घरी आल्याबरोबर मेरिम पोरीचं डोकं धुवायची. पोरगी रडायची, आणि मेरिम तिला म्हणायची, झालं, झालं, गेला वास. दुसऱ्या संध्याकाळी तो परत आलेला असायचा.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. सांभाळणारी बाई निवडताना मेरिमनं इतकं फुंकलं होतं की तालाय, तिचा नवरा, म्हणाला होता, "अगं, आता थंड झालं सगळं, पी आता." पहिली बाई फार गोड होती. दारातच तिनं बेर्मेतला कवटाळून मुके घेतले, आणि मेरिमच्या मनात आलं, ओळख ना पाळख, एवढं प्रेम हिच्याकडे शिल्लक कसं? दुसरी न विचारताच म्हणाली, "मी मुलांवर कधी हात उगारत नाही." मेरिमनं तिला चहाही पाजला नाही. तिसरी तरुण होती, बोलताना तिचे डोळे दर वाक्याला फोनकडे वळत होते. एका पाळणाघरात सगळी मुलं एकाच वेळी झोपलेली दिसली, ओळीनं, एकही चुळबुळत नव्हतं, आणि मेरिम तिथून जवळजवळ पळतच बाहेर आली. मग एके दिवशी तिच्याच इमारतीच्या दारावर चिकटवलेला एक कागद दिसला. पलीकडच्याच गल्लीतली बाई, एकच मूल सांभाळेन म्हणते. ती उमसुनाय-एजे, एजे म्हणजे थोरली ताई. ती हसली नाही. बेर्मेतला तिनं हातही लावला नाही. आधी पोरीला आपल्याकडे पोटभर बघू दिलं. मेरिम घरभर डोळे फिरवत होती तेव्हा ती म्हणाली, "अशी चोरून काय बघतेस? कपाटं उघड. फ्रिज उघड. गादीखाली बघ." मेरिमनं खरंच उघडलं. एजेचा एक पाय आखूड होता, ती तो ओढत चालायची, आणि मेरिमनं तेव्हा तेही जमेच्या बाजूला धरलं: लंगडी बाई पोरीला घेऊन गावभर हिंडणार नाही.

आता तोच पाय तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एजेनं कापला असेल का? लंगड्या बाईनं दुसऱ्याच्या पोरीचा दोरा कापायचा, असलं कुणी करत नाही. शहाणी असली तर नाहीच. मेरिमनं बेर्मेतला गालिच्यावर उभं केलं, काखेत हात घालून. लहान मुलाला उभं करताना म्हणतात तसं ती म्हणाली, "काझ-काझ, काझ-काझ." पोरगी डुलली, हसली आणि मटकन खाली बसली. परत उभं केलं, परत बसली. मेरिमला वाटलं, हिला येतंय. हिला चालता येतंय आणि ही माझ्यापासून लपवतेय. वर्षाच्या पोरीबद्दल असा विचार मनात येतो याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच ती पोरीचे दोन्ही पाय हातात घेऊन एकमेकांशी लावून बघत होती, टाचा सारख्या आहेत ना, अंगठे एका रेषेत आहेत ना. मेरिमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. प्रयोगशाळेत कुणी टेबलावर पाव उलटा ठेवला, जो अपशकुन मानतात, तर ती तो सुलटा करायची, पण ते सवय म्हणून.

तालाय डोंगरावरच्या खाणीत होता. पंधरवडा वर, पंधरवडा घरी. फोन लागला तेव्हा मागं यंत्रांचा घरघराट होता.

"तालाय, पोरगी चालायला लागलीय."

"अरे वा! आणि तू हे कुणी मेल्यासारखं का सांगतेयस?"

"मी बघितलं नाही. कुणीतरी तिचा दोरा कापलाय. मोज्यात सापडला."

तो म्हणाला, "मोज्यात दोराच सापडणार गं. मोजा दोऱ्याचाच असतो."

"काळा-पांढरा होता."

"मग एजेला विचार ना सरळ."

"विचारलं तर ती सावध होईल."

"मेरिम, तू दूध हुंगतेस तशी माणसं हुंगतेस. माणूस नासलेलं नसलं तरी त्याला वास असतो, बाई." मग घरघराट वाढला आणि फोन तुटला. तालाय भला माणूस होता. भल्या माणसांना शंका येत नाहीत, आणि म्हणून घरात कुणालातरी त्यांच्याही वाटणीचं जागं राहावं लागतं, असं मेरिमला नेहमी वाटायचं.

तिचा स्वतःचा दोरा कुणी कापलाच नव्हता. हे घरात कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं, उलट त्याचा विनोद झाला होता. जिना चढताना मेरिम पडायची, सपाट रस्त्यावर पडायची, लग्नाच्या दिवशी पांढऱ्या बुटाची टाच मोडून सासऱ्यांच्या अंगावर पडली, आणि लोक म्हणायचे, हिचा दोरा राहिलाय वाटतं. तेव्हा तिची आई, जिला ती अपा म्हणायची, तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघायची. अपा लोकरीच्या गिरणीत होती. नवरा नव्हता, पाळ्या होत्या, आणि त्या काळात सोमवारी सकाळी मूल नेऊन द्यायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत आणायचं अशी पाळणाघरं होती. मेरिमला दात यायच्या आधीपासून ती तिथं होती. तिची पहिली पावलं तिथंच कुठल्यातरी मधल्या वारी पडली, मंगळवारी किंवा बुधवारी, ते कुणी लिहून ठेवलं नाही आणि अपाला सांगितलंही नाही. शुक्रवारी अपा आली तेव्हा पोरगी धावत होती. धावणाऱ्या मुलाचे पाय काय बांधायचे.

मेरिमला आठवायचे ते सोमवार. बसमधला अंधार, गळ्याशी घट्ट बांधलेला रुमाल, पाळणाघराच्या फाटकाच्या कडीचा आवाज. मग क्लावा. क्लावा तिथली दाई, भली थोरली, तिच्या अंगाला रव्याच्या खिरीचा वास यायचा आणि तिच्या घागऱ्याला पुढं दोन खिसे होते, एकात रुमाल, एकात काहीच नाही. त्या रिकाम्या खिशात मेरिम हात घालून उभी राहायची. क्लावाच्या मांडीवर तिला झोप लागायची, अपाच्या शेजारी लागायची नाही. पाचवं वर्ष लागल्यावर एकदा ती झोपेत क्लावाला आई म्हणाली, तेही शनिवारी, घरी, अपाच्या कुशीत. अपा जागी होती की नव्हती हे मेरिमला कधी कळलं नाही. तिनं कधी विचारलं नाही.

आणि म्हणूनच, बेर्मेत जन्मल्यावर अपा जेव्हा कणकेच्या तळलेल्या बोरसोकांची पिशवी घेऊन आली, पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "मी आता निवृत्त झालेय, पोरगी माझ्याकडे दे, बाहेरची बाई कशाला," तेव्हा मेरिमच्या तोंडून ते निघून गेलं. "अपा, तुला मूल दुसऱ्याकडे द्यायची सवय आहे. सांभाळायची नाही." बोलल्यावर तिला वाटलं होतं अपा भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. अपा उठली, ओव्हरकोट घातला, आणि दारात थांबून मेरिमच्या बाहीवरचा एक धागा चिमटीनं उचलून आपल्या खिशात टाकला. ती सगळ्यांच्या अंगावरचे धागे असे उचलायची. बसमध्ये परक्या माणसाच्या पाठीवरचेसुद्धा. गिरणीत एक सुटा धागा यंत्रात गेला की अख्खा माल वाया जायचा, आणि ती भीती तिच्या बोटांत कायमची राहिली होती. त्यानंतर ती सणासुदीलाच भेटायची, तेही चारचौघांत, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून. बेर्मेतला कडेवर घ्यायची नाही. लांबून बघायची.

दोरा सापडल्यानंतरच्या सकाळी मेरिमनं पोरीला एजेकडे सोडताना उंबऱ्यातच वेळ काढला. बेर्मेत एजेकडे झेपावली. झेपावणारच, पण किती जोरात झेपावली ते मेरिमनं मनात नोंदवलं.

"एजे, चालते का हो ही?"

"कोण, ही? धरून धरून उभी राहते की."

"धरून नव्हे. सुटी."

उमसुनाय-एजेनं पोरीची टोपी काढली, ती झटकली, खुंटीवर अडकवली. एवढ्याशा टोपीला इतका वेळ लागत नाही. "मुलं काय गं, आईसमोर चालतात तेच पहिलं पाऊल. बाकीचं धरायचं नसतं."

"म्हणजे चालली."

"मी असं म्हटलं का?"

"तुमच्याकडे कोणी येतं का दिवसाचं?"

"वरच्या मजल्यावरची येते कधी मीठ मागायला. कधी गॅसवाला. का गं?"

मेरिमची नजर एजेच्या खांद्यावरून आत गेली. टेबलावर चहाचे दोन वाडगे पालथे घातलेले होते, धुऊन. सकाळची आठची वेळ, आणि एकटी बाई दोन वाडग्यांत चहा पीत नाही. खाली, भिंतीशी, पाहुण्यांच्या सपाता होत्या, आणि त्यांतली एक जोडी इतरांसारखी आत सरकवलेली नव्हती. तिची तोंडं दाराकडे होती, कुणी रोज घालावी तशी. कुठंतरी पाणी मुरत होतं. मेरिमनं पोरीच्या गालाचा मुका घेतला, त्या निमित्तानं तिचे केस हुंगले. ते कालच धुतलेले होते, अजून त्यांना साबणाचाच वास होता.

दिवसभर प्रयोगशाळेत तिला दुधाच्या नळ्यांवरचे आकडे दिसत होते आणि डोक्यात शिरत नव्हते. कोण येत असेल? एजेला मुलगा आहे का, तुरुंगातून सुटलेला, दारू पिणारा? लोखंडाचा वास बंदुकीचा असतो की गाडीच्या हत्यारांचा? कुणी म्हातारा असेल, पोरीला मांडीवर घेऊन बसणारा? ती एकेक माणूस रचायची, त्याला त्या सपाता घालून बघायची आणि मग स्वतःच घाबरून तो मोडून टाकायची. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी ती तालायलाही सांगू शकली नसती. वाईट बाईला कामावरून काढता येतं. चांगल्या बाईचं काय करायचं? संध्याकाळी तिनं दार वाजवलं की आतून बेर्मेतचं हसू ऐकू यायचं, आणि दार उघडलं की ते थांबायचं. मेरिमला ते थांबणं ओळखीचं होतं. तिनं ते स्वतः केलेलं होतं, क्लावाच्या घागऱ्यामागं उभं राहून.

शुक्रवारी दुपारून प्रयोगशाळेत औषध फवारायचं होतं, सगळ्यांना लवकर सोडलं. मेरिम मिनीबसमधून एक थांबा आधीच उतरली. शहरावर कोळशाचा धूर खाली बसला होता, डोंगर दिसत नव्हते, आणि रस्त्याकडेच्या पाटातलं पाणी कडेनं गोठायला लागलं होतं. आपण चोरासारख्या चाललो आहोत हे तिला कळत होतं. इमारतीचं लोखंडी दार तिनं हातानं धरून हळू लावलं. जिना चढताना ती एका पायरीवर ठेचकाळली, कठडा धरला, आणि श्वास रोखून उभी राहिली. एजेचं दार नुसतं लोटलेलं होतं. दारामागून कुणीतरी म्हणत होतं, "काझ-काझ. काझ-काझ. ये. ये माझ्याकडे. नाही आलीस तरी चालेल, उभी राहा नुसती." एजेचा आवाज नव्हता. घोगरा होता, मोठ्यानं बोलायची सवय असलेला आणि आता मुद्दाम बारीक केलेला, यंत्रांच्या आवाजावरून ओरडून ओरडून फाटलेला.

मेरिमनं दार ढकलायच्या आधीच वास आला. या वेळी तिला तो ओळखता आला, कारण आता त्याला नाकारायला जागा उरली नव्हती. कच्ची लोकर, यंत्राचं तेल आणि बाहेरच्या थंडीतून आलेला ओव्हरकोट. शुक्रवारचा वास. इतकी वर्षं तिनं सोमवारच तेवढे जपून ठेवले होते.

अपा गालिच्यावर गुडघ्यांवर होती, हात पसरून. पायांत त्याच सपाता. बेर्मेत तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, सुटी, कशालाही न धरता, आणि आईला बघून ती हसायची थांबली. एजे स्वयंपाकघराच्या दारात पाय ओढत आली आणि म्हणाली, "झालं. आली बाई एकदाची."

"कधीपासून?" मेरिमनं विचारलं. कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं.

उत्तर एजेनं दिलं. "पहिल्या दिवसापासून. तू सोडून जातेस, ही येते. तू यायच्या आधी निघून जाते. शेजारशेजारच्या यंत्रांवर होतो आम्ही दोघी, माझा हा पाय तिथलाच आहे."

"म्हणजे मला फसवलंत."

"कपाटं उघडून बघितलीस ना? कपाटात नव्हती ही."

"एजे, मी तुम्हाला निवडलं होतं. मी. इतक्या बायका बघून."

"मग? वाईट निवडलंस का?" एजे म्हणाली. "तुमच्या दारावरचा तो कागद कुणी चिकटवला वाटतं तुला? या पायानं मी जाणार होते होय तिथवर?"

मेरिमला हसू आलं असतं. सगळ्या शंका खऱ्या निघाल्या होत्या. बाहेरचं माणूस येत होतं, वास होता, पोरगी चालत होती, तिच्यापासून लपवलं जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फक्त कळसा तिनं आपल्या हातानं काखेतून काढून फेकला होता, आणि तो मागच्या दारानं परत आला होता. तिला राग आला होता आणि राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. तिनं ओव्हरकोटाच्या खिशातून दोरा काढला. "हा तू कापलास?"

अपानं दोऱ्याकडे बघितलं. "बांधला मी. चालायला लागली त्या दिवशी. बुधवार होता." ती वार सांगून थांबली. "म्हटलं, हिचा राहायला नको. एकीचा राहिला तेवढं पुरे. बांधला, कात्री हातात घेतली, आणि मग हात पुढं जाईना. म्हटलं, मी कोण कापणार? माझी चाल हिच्यात उतरली तर? ही पण पोर टाकून जाणारी व्हायची. म्हणून सोडून टाकला."

"खरंच?"

"उमसुनायला विचार."

"मी आत चहा टाकत होते," एजे म्हणाली. "खोटं कशाला बोलू. मी काही बघितलं नाही."

म्हणजे ते कळणारच नव्हतं. मेरिमनं आईच्या चेहऱ्यात शोधलं. दूध ओळखू यायचं तिला, हे येत नव्हतं. बेर्मेत दोघींच्या मधोमध उभी होती, गुडघ्यांत किंचित वाकून, आणि पडत नव्हती. तिचे पाय सरळ होते. मेरिम खाली बसली. "बांध," ती म्हणाली.

"काय?"

"परत बांध. माझ्यासमोर. आणि काप."

अपानं मान हलवली. "असं नसतं गं. शर्यत लागते. जो पहिला पोचतो त्यानं कापायचा. वसंतात तालायची माणसं येतील, मेंढी कापतील, चांगली धडधाकट पोरं धावतील. माझे गुडघे बघितलेस का? मी कुठली धावणार?"

"धावायचीस की."

"कधी?"

मेरिमला उत्तर द्यायचं नव्हतं. पण ते आधीच आलेलं होतं, वासाच्या पाठोपाठ. गोठलेल्या वाटेवर बुटांचे आवाज. पाळणाघराच्या खिडकीशी मुलं नाकं चिकटवून उभी असायची, आणि फाटकापासून एक बाई धावत यायची, रुमाल मानेवर घसरलेला, तोंड लाल, बाकीच्या आया अजून बसमधून उतरतही नसायच्या. दर आठवड्याला तीच पहिली. "शुक्रवारी," मेरिम म्हणाली.

अपानं शेजारची पिशवी ओढून आतली लोकर चाचपली. "पाळी सुटली की घंटा व्हायची. बाकीच्या हात धुवायच्या. मी तेलाच्या हातांनीच निघायचे." ती थोडं हसली. "पहिली पोचायचे, आणि तू त्या दाईच्या घागऱ्यामागं. ओढून काढावी लागायचीस. आणि बाहेर आलीस की पहिलं वाक्य ठरलेलं."

"काय म्हणायचे मी?"

"राहू दे. पहिली आले तरी तेच ऐकायचे."

तिनं पिशवीतून काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे काढले, दोन्हींतून एकेक धागा ओढला, मांडीवर तळव्याखाली घेऊन एका झटक्यात पीळ दिला. बेर्मेतचे घोटे बांधले, सैल, आठच्या आकड्यासारखे. एजेनं स्वयंपाकघरातली कात्री आणून दिली. कात्रीला कांद्याचा वास होता. अपाची कात्री पुन्हा अडली, म्हणून मेरिमनं तिच्या मनगटाखाली आपला हात धरला, आणि तेवढ्या जवळून तो वास दाट आला. आपण हिच्या इतक्या जवळ शेवटचं कधी आलो होतो? कात्री मिटली. दोरा तुटून दोन्ही बाजूंना पडला. "तुझी वाट मोकळी होवो," अपा पुटपुटली, आणि एजेनं आशीर्वादासाठी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. बेर्मेतनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि ती ना आजीकडे गेली ना आईकडे. खिडकीतल्या झाडाच्या कुंडीकडे गेली आणि तिनं मूठभर माती उपसली.

"घ्या," एजे म्हणाली. "शेतकीण होणार." ती कात्री घेऊन आत गेली. चहाचं भांडं वाजलं, आणि या वेळी वाडगे तीन मांडले जात होते.

मेरिम गालिच्यावरच बसून राहिली. आता ती काय ठरवणार आहे, सोमवारपासून पोरगी कुणाकडे, हे कुणी विचारत नव्हतं. अपा गुडघ्यांवरच पुढं सरकत होती. ती गालिच्यावरून दोऱ्याचे तुकडे वेचत होती. मोठे दोन, मग कात्रीनं उडालेले बारीक तंतू, मग मेरिमच्या ओव्हरकोटाच्या काठाला चिकटलेला एक काळा केस, लोकरीचा. एकही सोडला नाही. सगळे तळहातावर गोळा करून तिनं त्यांची गोळी वळली आणि खिशात टाकली. मेरिम त्या बोटांकडे बघत होती. गिरणीत सबंध जन्मात एक धागा जिच्या हातून खाली पडला नाही अशी बोटं. परक्या माणसाच्या पाठीवरचा धागा जिला बघवत नाही. आणि मेरिमच्या मनात जी पाल चुकचुकली ती शेवटचीच होती.

"अपा," ती म्हणाली, "मोज्यातला कसा राहिला मग?"

अपानं वर बघितलं नाही. तिनं हात लांब करून मेरिमच्या बाहीवरून काहीतरी उचललं, किंवा उचलल्यासारखं केलं, आणि हात तिथंच राहू दिला.

"किती उशीर केलास गं," ती म्हणाली.